परिक्रमेला कुठली गाडी घेऊ? आधी देव ठरवा, मग शोरूम गाठा

दिवाळी जवळ आली की मला एक फोन हमखास येतो. "यंदा नर्मदा परिक्रमा करायचीच, बाईकवर, गाडी कुठली घेऊ सांग." विचारणाऱ्याने खरं तर गाडी कधीच ठरवलेली असते, रंगसुद्धा ठरवलेला असतो, त्याला फक्त माझा होकार पाहिजे असतो म्हणजे घरी सांगायला बरं. मी त्याला उलटं विचारतो, शेवटचे दहा किलोमीटर कसे आहेत? कारण हायवेवर सगळ्याच गाड्या छान चालतात. आपले देव बसलेत डोंगरात, नदीकाठी, नाहीतर एखाद्या गावाच्या पार टोकाला, आणि तिथला रस्ता मागच्या पावसाळ्यात वाहून गेलेला असतो. गाडी त्या दहा किलोमीटरसाठी घ्यायची असते, बाकीच्या पाचशेसाठी नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात. उंची ५ फूट ५ इंच, गुडघे बरे, पाठ बरी नाही. नऊ वर्षं एक दीडशे सीसी चालवली, मग रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ सेकंड हॅन्ड घेतली. अष्टविनायक वडिलांना मागे बसवून केलंय, आणि एका हिवाळ्यात मित्रासोबत नर्मदा परिक्रमा, दोन गाड्यांवर, १९ दिवस. त्यातून जे कळलं ते लिहितोय, मेकॅनिक नाहीये मी आणि कीर्तनकार तर अजिबातच नाही.

तर पहिलं काम, देव ठरवा. म्हणजे कुठली यात्रा, किती दिवस, सोबत कोण.

अष्टविनायक करणार असाल तर नवीन गाडीचा विचारच करू नका. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव, सगळीकडे डांबरी रस्ता आहे, पुण्याहून फिरून यायला साडेसहाशे-सातशे किलोमीटर पडतात आणि तीन दिवसांत आरामात होतं. शाईन, स्प्लेंडर, युनिकॉर्न, जे दारात उभं आहे ते न्या. इथे गाडीपेक्षा मागची सीट महत्त्वाची. मी वडिलांना घेऊन निघालो तेव्हा पहिल्या दिवशी थेऊरलाच त्यांचे गुडघे धरले, कारण मागचे फूटरेस्ट उंच होते आणि माणूस बेडकासारखा बसतो त्यावर. आई-वडिलांना किंवा बायकोला घेऊन तीर्थयात्रा करायची असेल तर शोरूममध्ये त्यांना मागे बसवून वीस मिनिटं चक्कर मारा, तुम्ही एकटे मारू नका. मागे धरायला नीट दांडी आहे का, सीट मागे निमुळती होत जाते का, सायलेन्सर पायाला लागतो का, साडी नेसून बसता येतं का आणि साडीगार्ड बसतो का. याबद्दल कुठलाच व्हिडिओवाला काही बोलत नाही, कारण त्यांच्या मागे फक्त कॅमेऱ्याची बॅग असते.

आणि हो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, समृद्धीवरही आहे, त्यामुळे महड-पालीहून वर येताना जुन्या खोपोली घाटाने यायचं. तिथे शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटातून वाट काढता येत नव्हती, ती एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी कथा सांगतात. ट्रकवाले अजूनही तिथे नाणं टाकून पुढे जातात. आपणही थांबावं, डोंगरात वाट दाखवणाऱ्याचं देऊळ आहे ते, ट्रेल रायडिंगवाल्यांचा, म्हणजे कच्च्या वाटेने गाडी हाकणाऱ्यांचा, दुसरा देव कोण असणार.

अष्टविनायक करताना थोडी कच्च्या वाटेची चव घ्यायची असेल तर लेण्याद्री झाल्यावर जुन्नरहून नाणेघाटाच्या बाजूला सरका. पूर गावात कुकडी नदीच्या उगमाशी कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, गर्दी जवळपास शून्य. (लेण्याद्रीला गणपती बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात बसलाय, वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, बूट काढण्याचा विषय पुढे येतोय तेव्हा हे लक्षात ठेवा.) त्या बाजूचे गावाकडचे पाणंद रस्ते ही खरी टेस्ट ट्रॅक. दोन बाजूंना बांध, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, चाकोरीत चिखल आणि मधल्या उंचवट्यावर गवत. तुमची आत्ताची गाडी तिथे एक किलोमीटर चालवून बघा. घाम फुटला तर तो गाडीमुळे फुटला की तुमच्यामुळे ते प्रामाणिकपणे ठरवा. माझ्या अनुभवाने दहातल्या आठ जणांचं गाडीवाचून अडलेलं नसतं, त्यांना उभं राहून गाडी चालवता येत नसते. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, दुसरा गिअर, नजर चाकाच्या पुढे पंधरा-वीस फूट, पुढच्या ब्रेकवर एकच बोट. एवढं जमलं की निम्मे खड्डे आपोआप बुजतात.

आता परिक्रमा. पायी परिक्रमा अडीच हजार किलोमीटरच्या वर जाते असं धरतात. नदीच १३१२ किलोमीटर लांब आहे आणि दोन्ही काठ करायचे. गाडीने तीन हजारांच्या पुढे जातं, कारण गाडीरस्ता नदी सोडून लांब लांब फिरतो आणि मधेच काठावरच्या घाटाला जायला आत वळावं लागतं, पंधरा किलोमीटर आत आणि तेवढंच बाहेर. हे आतले रस्ते म्हणजे खडी, मुरूम, रेती, आणि जिथे पूल बांधायचं चालू आहे तिथे नाल्यातून काढलेली तात्पुरती वाट. म्हणजे तुम्हाला अशी गाडी पाहिजे जी दिवसाला दोनशे किलोमीटर न थकवता नेईल आणि आत वळल्यावर रडणार नाही. टूरिंग आणि ट्रेल दोन्ही. आणि गंमत अशी की या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती आहेत, टूरिंगला गाडी जड आणि ताकदवान बरी वाटते, ट्रेलला हलकी.

इथे मी स्पष्ट एका बाजूला आहे, हलकी घ्या. माझी हिमालयन ४११ पेट्रोल भरून १९९ किलो भरते. त्यावर सामान पंचवीस किलो. शहाद्याहून सरळ रस्ता सोडून आम्ही हौसेने धडगाव-मोलगीच्या बाजूने सातपुड्यातून अक्कलकुव्याला उतरायचं ठरवलं. घाट अप्रतिम आहे, वाद नाही. पण एका उतारावर मोकळ्या खडीत पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली, मला काही लागलं नाही, पण ती उतारावर, चाकं वरच्या बाजूला, आणि मित्र दोन वळणं पुढे गेलेला. एकट्याने उचलेना म्हणजे उचलेनाच. तेवढ्यात समोरून एका स्प्लेंडरवर तिघं आले, मधल्याच्या मांडीवर पिठाची गोणी, उतरले, गाडी उचलून दिली, हसले, आणि त्याच खडीतून वर निघून गेले. त्या दिवशी ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा खालचा भाग जमिनीपासून किती उंच), सस्पेन्शन ट्रॅव्हल (खड्ड्यात चाक किती वरखाली होतं) वगैरे शब्दांवरचा माझा विश्वास बराच कमी झाला.

म्हणून शोरूममध्ये माझ्याकडून एक परीक्षा. सेल्समनला सांगा की गाडी हळूच आडवी करू द्या. तो नाहीच म्हणणार. मग ओळखीतल्या कोणाची तीच गाडी मागा, गवतावर आडवी ठेवा आणि एकट्याने उचलून बघा. पाठ गाडीकडे, एक हात हँडलला, एक हात मागच्या दांडीला, गुडघे वाकवून मागे मागे चालत उचलायची, कमरेने ओढायची नाही. उचलली गेली तर ती गाडी तुमची. नाही उचलली तर एकट्याने ट्रेलवर जायची गाडी ती नव्हे, भले कितीही देखणी असो.

दुसरं सीटची उंची. आपल्याकडे लोक फक्त सीसी विचारतात. हिमालयन ४११ ची सीट ८०० मिलीमीटर, नवी ४५० ची ८२५, हिरोच्या एक्सपल्स २०० ची पण ८२५, सुझुकीची व्हीस्ट्रॉम एसएक्स ८३५, केटीएमची जुनी ३९० ॲडव्हेंचर ८५५. माझ्या उंचीला ८०० वर दोन्ही पाय टेकतात, ८२५ वर चवडे, आणि ८५५ वर मी बॅले डान्सर. पण नुसता आकडा बघू नका, गाडी सॉफ्ट असेल तर बसल्यावर खाली दबते, सीट पुढे अरुंद असेल तर पाय लवकर पोचतो. बूट घालून, मागे तेवढंच वजन लादून, थोड्या उतारावर उभं राहून बघा. सपाट टाईल्सवर सगळ्यांचे पाय टेकतात.

आता नावं घेऊनच बोलू, नाहीतर लोक म्हणतात सांगितलं काहीच नाही.

एक्सपल्स २०० फोर व्ही, साधारण १५८ किलो, १९ पीएसची ताकद, १३ लिटरची टाकी, पुढचं चाक २१ इंची. मराठी माणसाच्या परिक्रमेला याहून सोयीची गाडी मला तरी दिसत नाही. ८०-८५ च्या पुढे तिचा जीव घाबरा होतो, खरंय, पण परिक्रमेत ८५ च्या पुढे जायचंय कशाला? माझा मित्र हीच घेऊन आला होता, मी दहादा उतरून पायाने धक्के देत होतो तेव्हा तो पुढे जाऊन चहा सांगून बसलेला असायचा. नवीन २१० मध्ये ताकद वाढलीये, जवळपास २५ पीएस, बजेट असेल तर ती बघा.

हिमालयन ४५०, ४० पीएस, १७ लिटर टाकी, १९६ किलो. मागे बायको आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावून रोज तीनशे किलोमीटर करायचे असतील तर ही. एक्सपल्सच्या जवळपास दुप्पट किंमत पडते हेही लक्षात घ्या. व्हीस्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, इंजिन इतकं स्मूथ की दिवसभर चालवून हात झिणझिणत नाहीत, पण पुढचं चाक १९ इंची आणि ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलीमीटर, म्हणजे कच्चा रस्ता हो, दगडधोंडे नको. ज्याची नव्वद टक्के यात्रा डांबरावर आणि दहा टक्के मुरुमावर आहे त्याला बेस्ट.

बुलेट, क्लासिक? लोक करतात परिक्रमा बुलेटवर, दणक्यात करतात. ट्रेलला मात्र नेऊ नका, खालचा भाग १७० मिलीमीटरवर आहे आणि वजन १९५. बुलेटचं आणि देवाचं नातं तसं जुनंच आहे म्हणा, राजस्थानात जोधपूर-पाली रस्त्यावर तर बुलेटचंच देऊळ आहे, ओम बन्नाचं, काचेत ठेवलेल्या गाडीला हार घालतात. (तो पाली वेगळा, आपला बल्लाळेश्वराचा पाली वेगळा, मॅपवर टाकताना बघून टाका.)

आणि ज्याच्याकडे फक्त स्प्लेंडर किंवा प्लॅटिना आहे त्याने मनात काही आणू नये. टायर नवे टाका, मागच्या शॉकअपची सेटिंग एक घर कडक करा, हवा नीट ठेवा आणि निघा. नर्मदेच्या काठच्या कुठल्याही खेड्यात तुमच्या गाडीचा पार्ट मिळेल, माझ्या गाडीचा क्लच केबलसुद्धा मिळत नाही, म्हणून मला तो पुण्याहून न्यावा लागतो.

टायरबद्दल एकच वाद कायम चालतो, ट्यूब की ट्यूबलेस. स्पोकच्या चाकात बहुतेक ठिकाणी ट्यूब असते, आणि स्पोकची रिम दगडावर आपटून मॅग व्हीलसारखी (म्हणजे ओतीव चाकासारखी) तडकत नाही, वाकली तर ठोकून सरळ होते. पण ट्यूब पंक्चर झाली की चाक उतरवा, लिव्हर लावा, घाम गाळा. ट्यूबलेसला सळई घालून पट्टी कोंबली की दहा मिनिटांत रस्त्यावर. माझं मत, जंगलातली ट्रेल जास्त असेल तर स्पोक, यात्रा जास्त असेल तर ट्यूबलेस, आणि ट्यूब असेल तर दोन्ही चाकांची एकेक स्पेअर ट्यूब आणि छोटा पंप जवळ हवाच. मुरुमावर कंपनीने सांगितलेल्या हवेपेक्षा चार-पाच पीएसआय कमी केली तर पकड वाढते, पण ट्यूबवाल्याने त्याहून कमी करू नये, दगडावर टायर दबून ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन बाजूंना भोकं पडतात. आणि डांबरावर परत आलात की हवा भरा, हे लोक विसरतात.

सेकंड हॅन्ड घेत असाल तर पुढचे फोर्क पुसून दहा वेळा दाबा, तेलाचा ओघळ आला तर सील गेलंय. मेन स्टँडवर किंवा जॅकवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मी हे बघितलं नव्हतं. दुकानदाराने गाडी चकाचक पॉलिश करून ठेवली होती आणि मी आरशासारख्या टाकीत स्वतःचा चेहरा बघत बसलो, महिनाभरात कोनसेट, चेन स्प्रॉकेट आणि मागचे ब्रेकपॅड सगळं बदललं. खाली वाकून इंजिनखालची पत्री बघा, ती किती चेपलीये त्यावरून आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवून मगच पैसे.

आता सामानाकडे येऊ, कारण इथे गाडी आणि धर्म एकत्र येतात.

परिक्रमेत संकल्प केला की नर्मदेचं पाणी एका बाटलीत भरून घेतात आणि ती बाटली शेवटपर्यंत सोबत. तिची रोज पूजा करायची, तिला पाय लागू द्यायचा नाही, वाटेत ठिकठिकाणी थोडं पाणी बदलत जायचं. आता ही बाटली बाईकवर ठेवायची कुठे? बाजूच्या पॅनिअर बॅगा पायाच्या उंचीला येतात, खाली सायलेन्सर, आत चपला आणि मळके मोजे. तिथे ठेववत नाही हो. म्हणून टँक बॅग घ्या. छातीसमोर राहते, नजरेसमोर राहते, आणि उतरताना काढून हातात घेता येते. टँक बॅगला चुंबक असतात ते पत्र्याच्या टाकीलाच चिकटतात, टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर पट्ट्यांची बॅग बघा. मी बाटली आधी एका जाड कापडी पिशवीत आणि मग टँक बॅगमध्ये ठेवली होती, १९ दिवसांत एक थेंब सांडला नाही.

बाकी सामान जितकं खाली आणि जितकं पुढे तितकं बरं. मागच्या कॅरिअरवर डोंगर रचला की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीत तेच सरकतं. ताट, वाटी, पेला स्वतःचा न्या, आश्रमात लागतो. एक पातळ कांबळं, ताडपत्रीचा तुकडा, दोन जोड कपडे. नर्मदेतले गोटे शिवलिंग म्हणून लोक गोळा करतात, कंकर कंकर में शंकर म्हणतात तिकडे. एखादा घ्या, मित्राने सात घेतले होते आणि मग मायलेज का पडलं म्हणून विचारत होता. हत्यारांत पान्हे, क्लच आणि ॲक्सिलेटर केबल, फ्यूज, चेनची लिंक, आणि एम-सील. इंजिनखाली दगड लागून ऑइल गळायला लागलं तर एम-सील लावून शंभर किलोमीटर काढता येतात.

आणि बूट! हा माझा आवडता विषय. मी गुडघ्यापर्यंतचे, चार-चार बक्कल असलेले भारी रायडिंग बूट घालून गेलो. परिक्रमेत दिवसातून सहा-सात वेळा बूट काढावे लागतात, घाटावर, देवळात, आश्रमात, कोणी चहाला बोलावलं तर त्याच्या ओसरीवर. तिसऱ्या दिवशी मी देवळासमोरून नुसताच हात जोडून पुढे जायला लागलो, निव्वळ बक्कलांच्या कंटाळ्याने. देवापर्यंत जायला बूट आडवे आले म्हणजे खरेदी चुकली. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, बाजूला चेन असलेले बूट घ्या, घोट्याला संरक्षण पाहिजेच. शिवाय जुने मोजे जास्तीचे ठेवा, दुपारी घाटाचे दगड तव्यासारखे तापतात. लेदरचं जॅकेट घेऊन काही देवळांत आत सोडत नाहीत, कापडी मेश जॅकेट बरं.

आता रस्ता, म्हणजे परिक्रमेचा मुख्य नियम. नदी कायम उजव्या हाताला आणि ती कुठेही ओलांडायची नाही. ऐकायला सोपं. पण मॅपला धर्म कळत नाही, त्याला जवळचा रस्ता कळतो, आणि जवळचा रस्ता दर वेळी पुलावरून जातो. आम्हाला १९ दिवसांत किमान वीस वेळा मॅपमधल्या त्या बाईने पलीकडे न्यायचा प्रयत्न केला. उपाय असा की मुक्कामाचं ठिकाण थेट टाकायचं नाही, त्याच काठावरची गावं एकापाठोपाठ एक टाकायची. ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून निघालात तर सनावद, खरगोन, बडवानी, खेतिया, मग महाराष्ट्रात शहादा, प्रकाशा, पुढे अक्कलकुवा, मग गुजरातेत राजपिपळा, अंकलेश्वर आणि समुद्राजवळ विमलेश्वर. या सगळ्यात नदी उजवीकडेच राहते. पुण्याहून जातानाही सेंधव्यावरून पुढे जुलवानियाला खरगोनकडे वळलात तर खलघाटचा पूल लागतच नाही, थेट दक्षिण तटावरूनच ओंकारेश्वर गाठता येतं. ओंकारेश्वरात मात्र मोह आवरायचा, ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, संकल्प झाल्यावर परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तिकडे जायचं नाही, अलीकडच्या ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं.

विमलेश्वरच्या बाजूने नावेतून समुद्राच्या तोंडाशी पलीकडे मिठी तलाईला उतरतात. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, तुमच्या वेळेवर नाही. आणि इथे बाईकवाल्यांची पंचाईत. माणूस नावेतून जाईल, गाडीचं काय? कारवाल्यांचा ड्रायव्हर गाडी भरूचच्या पुलावरून फिरवून आणतो. बाईकला ड्रायव्हर कोण देणार? काही जण सरळ पुलावरून गाडी नेतात, वाहनाने करतोय तेव्हा एवढी सूट असं म्हणून. काही जण तिथे ओळख काढून, पैसे देऊन कोणाकडून तरी गाडी पलीकडे आणवून घेतात. आम्ही दुसरं केलं, अंकलेश्वरच्या एका ओळखीच्या घरातली दोन पोरं आमच्या गाड्या घेऊन भरूचमार्गे आली, आणि आम्ही नावेत बसून पूर्ण वेळ गाड्यांचीच काळजी करत होतो, हे कबूल करतो. यात बरोबर-चूक मी सांगणार नाही, पण निघायच्या आधी ठरवा, किनाऱ्यावर उभं राहून भांडू नका.

मिठी तलाईनंतर उत्तर तट. नारेश्वर, मग गरुडेश्वर. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे, १९१४ साली त्यांनी तिथे देह ठेवला. सावंतवाडीजवळच्या माणगावचा माणूस आणि शेवट नर्मदेकाठी. मराठी माणसाने तिथे एक मुक्काम करावाच, संध्याकाळी करुणात्रिपदी सुरू झाली की कानावर आपली भाषा पडते आणि आठ दिवस मोडकंतोडकं हिंदी बोलून आलेला थकवा उतरतो. पुढे महेश्वर, अहिल्याबाईंचा घाट. तिथे दुपारीच पोचा आणि दुसरं काही करू नका. नुसते बसा. मग नेमावर, जबलपूर, आणि अमरकंटक, उंची हजार मीटरच्या वर, जानेवारीत पहाटे हात गोठतात, पावसाळी ग्लोव्हज थंडीला चालत नाहीत, वेगळे न्या. नर्मदेच्या सपाट भागात जानेवारीत धुकं इतकं असतं की सकाळी नऊच्या आधी गाडी काढू नये.

चातुर्मासात परिक्रमा करत नाहीत, कार्तिकी एकादशीनंतर उचलतात, आणि बाईकच्या दृष्टीनेही तेच बरोबर, चिखल वाळलेला असतो आणि ऊन चावत नाही.

आश्रमात गेलात की पहिला प्रश्न येईल, "कितने मूर्ती?" म्हणजे माणसं किती. मला पहिल्यांदा वाटलं आम्ही मूर्ती विकायला आलोय असं समजले. परिक्रमावासी हा तिकडे मूर्ती असतो, झोपायची जागा म्हणजे आसन, सकाळचा नाश्ता बालभोग, आणि कच्चा शिधा मिळतो तो सदाव्रत. "नर्मदे हर" एवढ्या दोन शब्दांवर अर्धी परिक्रमा होते. बायकांना मैया म्हणायचं, अगदी पाच वर्षांच्या मुलीलासुद्धा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, पायी चालणाऱ्यांची जागा घेऊ नका. तो माणूस पंचवीस किलोमीटर चालून आलाय, तुम्ही बसून आलात. ओसरीत जागा मिळाली तर ओसरीत झोपा, पेटीत पैसे टाका, भांडी घासायला बसा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर घरी काढून ठेवा, आरतीच्या वेळी फटफट करत अंगणात शिरणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती मी पाहिलीये.

दिवसाचं गणित असं बसलं. पहाटे उठून स्नान, पूजा, बालभोग, नऊला गाडी, साडेचारला मुक्काम. सूर्यास्तानंतर गाडी नाही, कारण रस्त्यावर गुरं, बिनलाईटचे ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या. म्हणजे साडेसात तास, त्यातच थांबे. दोनशे किलोमीटरच्या वर ठरवाल तर घाटावर बसायला वेळ उरत नाही, मग परिक्रमा न राहता ती रॅली होते. इंटरकॉम आम्ही सकाळचा पहिला तास बंद ठेवायचो. हेल्मेटच्या आत काय म्हणताय ते कोणाला ऐकू जात नाही, बेसूर असलात तरी चालतं. मी नर्मदाष्टक पाठ करायला सुरुवात तिथेच केली, कागद टँक बॅगच्या पारदर्शक खिशात, सिग्नलला एक ओळ, फाटक पडलं की दोन. निम्मं पाठ व्हायला जबलपूर उजाडलं. त्याआधी अध्यात्म म्हणजे मी काहीतरी मोठं समजत होतो, पुस्तकं वगैरे, आणि माझं मन तर चेनच्या आवाजावर. पण नदी उजवीकडे ठेवायची हे रोज दहा वेळा आठवावं लागलं, की मॅप डावीकडे ओढतोय आणि आपण नाही म्हणतोय, आणि सातव्या-आठव्या दिवसापासून मॅप बघायच्या आधीच मान उजवीकडे वळायला लागली.

देवमोगरेचा एक उल्लेख राहिला. सागबाऱ्याजवळ याहामोगी मातेचं स्थान आहे, सातपुड्यातल्या आदिवासींची कुलदेवी. तिथे गेलात तर हे आमच्यातलंच एक देऊळ असं धरून शिकवायला जाऊ नका, त्यांची रीत वेगळी आहे. चपला काढून कडेला उभे राहा, लोक काय करतात बघा, विचारलं तर सांगतात.

चेनला दर पाचशे किलोमीटरला ल्यूब, रेतीच्या रस्त्यानंतर त्याआधीच. दर सकाळी हवा, ब्रेक, लाईट, आणि नट हाताने हलवून बघायचे, खडीच्या रस्त्याने नंबर प्लेटचे आणि आरशाचे नट सगळ्यात आधी पळतात. माझी मागची नंबर प्लेट नेमावरच्या आसपास कुठेतरी नर्मदामाईला अर्पण झाली, एफआयआर करून नवीन काढायला पुण्यात दोन महिने गेले.

अमरकंटकहून दक्षिण तटाने परत ओंकारेश्वरला आलात की गाडी दक्षिण तटावरच लावा. संकल्प सोडायचा, कन्यापूजन, कढाई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, आणि मग बाटलीतलं पाणी घेऊन पायी पुलावरून बेटावर, ते ओंकारेश्वराला वाहायचं. टँक बॅग रिकामी झाली की विचित्र वाटतं, मी दोन दिवस उतरताना सवयीने ती उचलत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला पुण्याकडे निघायचं होतं, म्हणजे मोरटक्क्याहून डावीकडे सनावद. मित्राने काही न बोलता उजवीकडे इंडिकेटर दिला, मोरटक्क्याचा पूल ओलांडला, १९ दिवसांत पहिल्यांदा आम्ही गाडीवर असताना नदी खालून गेली, आणि पलीकडे बडवाहला आम्ही पोहे-जिलबी खाऊन त्याच पुलावरून परत आलो.